हिवरमाळची मोजणी

सहावीच्या चाचणीत गणिताच्या पेपरात एक सोपं उदाहरण आलं होतं. दोन घरांमधलं अंतर दोनशे मीटर आहे. मिनिटाला पन्नास मीटर चालणाऱ्या मुलीला एका घरून दुसऱ्या घरी पोचायला किती वेळ लागेल? सगळ्या वर्गानं 'चार मिनिटं' असं लिहिलं आणि दोन गुण खिशात टाकले. ऊर्मी बनकरनं लिहिलं, 'चालत पोचू देत नाहीत. गाडीनं पंचवीस मिनिटं, कोंडी असेल तर पाऊण तास.' तिला भोपळा मिळाला आणि वर तांबड्या शाईत शेरा, 'प्रश्न नीट वाचावा.'

ऊर्मीनं प्रश्न नीटच वाचला होता. ती २०६१ साली हिवरमाळात राहत होती, एवढाच तिचा गुन्हा. हिवरमाळ एके काळी शहराच्या मुख्य चौकापासून अठरा किलोमीटर लांबचं गाव होतं. गाव जागचं हललं नाही, शहरच त्याच्या अंगावर चालून आलं. येताना सोबत बारा पदरी बाह्यवळण रस्ता (शहराला बाहेरून वळसा घालणारा रस्ता) घेऊन आलं, आणि तो नेमका गावाच्या पोटातून गेला. अलीकडे वरची आळी, शाळा, दवाखाना आणि ऊर्मीचं घर राहिलं. पलीकडे खालची आळी आणि तिच्यात अक्काआजीचं घर. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या काचेच्या भिंती, कारण विनाचालक गाड्या ताशी एकशे चाळीसच्या वेगानं धावत आणि त्यांच्या वाटेत कुत्रंमांजर आलेलं शहराला खपत नसे. माणसाचं तर नावच काढू नका.

अक्काआजी ही आबांची, म्हणजे ऊर्मीच्या आजोबांची, थोरली बहीण. गावातच दिलेली, एक्याऐंशी वर्षांची, दोन खोल्या आणि परसात सहा पेरूची झाडं एवढा तिचा संसार. ऊर्मीचे आईबाबा नोकरीसाठी पहाटे सहाला निघत आणि रात्री आठला परतत, त्यामुळे ऊर्मीला न्हाऊमाखू घालण्यापासून पाढे पाठ करून घेण्यापर्यंत सगळं अक्काआजीनं केलं होतं. रस्ता झाला तेव्हा ऊर्मी सात वर्षांची होती. त्यानंतर अक्काआजीच्या घरी जायचं म्हणजे गाडी बोलवायची, साडेपाच किलोमीटर पुढे जायचं, उड्डाणपूल चढून वळायचं आणि साडेपाच किलोमीटर मागे यायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसंच. फरक इतकाच, की इथं वळसा घालणाऱ्याला आपला कळसा काचेपलीकडे रोज दिसत होता.

नाही म्हणायला एक वाट होती. जुन्या ओढ्याचं पाणी जाण्यासाठी रस्त्याखाली मोरी (रस्त्याखालून पाणी काढून देणारा बोगदा) ठेवली होती. उंची जेमतेम चार फूट. ओढ्याचा आता नाला झाला होता आणि त्यात सात वसाहतींचं सांडपाणी वाहत होतं. धुणीभांडी करणाऱ्या बाया आणि बागांत काम करणारे माळी तेवढे नाक दाबून, कमरेत वाकून तिथून ये-जा करत. ऊर्मीला तिथं पाऊल टाकायला आईची सक्त बंदी होती.

पौषातल्या एका सकाळी ऊर्मीनं ती बंदी मोडली. शाळेला सुट्टी होती. गच्चीवरून तिला अक्काआजीचं दार दिसे, आणि दहा वाजून गेले तरी ते उघडलं नव्हतं. फोनही कोणी उचलेना. आबांनी गाडी बोलावली. ती बारा मिनिटांनी येते म्हणाली. ऊर्मीनं वाट पाहिली नाही, ती सरळ मोरीकडे पळाली.

सहा मिनिटांत ती पलीकडे पोचली. मागचं दार ढकलून आत गेली, तर अक्काआजी न्हाणीत पडलेली. मांडीचं हाड मोडलं होतं. पहाटेपासून ती तशीच ओल्या फरशीवर होती. अकरा वर्षांच्या मुलीला तिला उचलणं शक्य नव्हतं. ऊर्मी धावत शेजारी गेली, तर शेजारच्या घराला कुलूप. त्याच्या पुढच्याला कुलूप. त्याच्याही पुढच्याला. खालच्या आळीतली चौदापैकी अकरा घरं जमिनी विकून टप्पा सहा नावाच्या नव्या वसाहतीत राहायला गेली होती. ऊर्मी परत आली, अक्काआजीवर दोन गोधड्या घातल्या आणि तिचा हात धरून बसून राहिली. आबा आणि डॉक्टर तिथं पोचायला आणखी बेचाळीस मिनिटं लागली. दवाखाना त्या न्हाणीपासून सव्वादोनशे मीटरवर होता.

हाड बसलं, पण रोहनकाका बिथरला. रोहनकाका अक्काआजीचा मुलगा, टप्पा चौदामध्ये एकोणिसाव्या मजल्यावर राहणारा. वाईट माणूस नव्हता. आईला तो घेऊन जाणार म्हणाला, फाल्गुन संपायच्या आत. अक्काआजी त्याला म्हणाली, "आरं, मी काय कुंडीतलं झाड हाय का, उचललं नि ठेवलं? हिथं माझा भाऊ हाय, पोरगी हाय. त्या रस्त्यावरनं एक पूल टाका म्हनावं, पायी जाण्यापुरता. मग मी शंभर वर्सं जगते." खूप वाद झाला. शेवटी रोहनकाकानं शब्द दिला, की फाल्गुनाच्या आत पादचारी पूल मंजूर झाला तर तो आईला नेणार नाही.

त्याच दिवशी आबांनी अर्ज लिहिला. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, आणि ते वाचून आबांचा चेहरा उतरला. नियम सतरा. ज्या ठिकाणी दिवसभरात किमान तीनशे माणसं पायी रस्ता ओलांडताना आढळतील, तिथंच पूल बांधता येईल. त्यासाठी येत्या बुधवारी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा मोरीच्या तोंडाशी मोजणी होईल.

मंगळवारी दुपारी मोजणीयंत्र आलं. पिवळं, चार चाकांचं, आणि मान एवढी लांब की वरच्या आळीतल्या पोरांनी त्याचं नाव लगेच मान्या ठेवलं. मान्याला खोटं बोलता येत नसे आणि थापा मारल्या तर कळत. त्यानं मोरीशी ठाण मांडलं, तेव्हा ऊर्मी त्याच्याजवळ गेली आणि इथं रोज किती माणसं ओलांडतात ते तिनं विचारलं. मागच्या वर्षीच्या पाहणीप्रमाणे पस्तीस ते चाळीस, असं मान्यानं सांगितलं. मग ऊर्मीनं दुसरा प्रश्न विचारला, की पूल नाही म्हणून माणसं ओलांडत नाहीत आणि माणसं ओलांडत नाहीत म्हणून पूल नाही, तर मग सुरुवात कोणी करायची. मान्यानं मान उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली.

"हा प्रश्न माझ्या अर्जात नाही," तो म्हणाला.

ऊर्मी तणतणत घरी आली. आबा स्वयंपाकघरात धिरडी घालत होते. आबा म्हणजे डॉक्टर जालिंदर बनकर. सुई टोचणारे डॉक्टर नव्हेत. चौतीस वर्षं शहराच्या नियोजन कार्यालयात वाहतूकशास्त्रज्ञ होते. माणसं कुठून कुठे जातात, का जातात आणि किती वेळात जातात याचा हिशेब मांडणं हे त्यांचं काम. ऊर्मीनं पाटावर बसून त्यांनाच कोंडीत पकडलं. शहराला एवढं पसरायचं कारणच काय, असं तिनं विचारलं. माणसं तर काही एवढी वाढली नाहीत, निम्म्या गावात तर कुलपंच आहेत.

आबांनी पळीभर पीठ तव्यावर टाकलं आणि पसरवलंच नाही. छोटं, जाड धिरडं झालं. मग तेवढंच पीठ पुन्हा घेतलं आणि तव्याच्या कडेपर्यंत पातळ ओढलं. त्याला भोकं पडली, कडा करपल्या. दोन्ही तिच्या ताटात वाढून ते म्हणाले, पीठ तेवढंच होतं, फक्त तवा भरला.

मग ते आकड्यांवर आले. चाळीस वर्षांपूर्वी शहराची त्रिज्या (मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर) दहा किलोमीटर होती, आज वीस आहे. ऊर्मीला वाटलं, म्हणजे शहर दुप्पट झालं. आबांनी तिला पाटीवर गणित घालायला लावलं. वर्तुळाची जागा त्रिज्येच्या वर्गानं वाढते. दहा दाहे शंभर, वीस विसे चारशे. म्हणजे त्रिज्या दुप्पट, तर जागा चौपट. आणि माणसं? तीस लाखांची पन्नास लाख, दुप्पटसुद्धा नाहीत. म्हणजे घनता (ठरावीक जागेत राहणाऱ्या माणसांची संख्या) निम्म्याहून खाली आली.

"आली तर आली," ऊर्मी म्हणाली. "मोकळं राहायला मिळालं की लोकांना."

आबांनी मान डोलावली. लोकांनाही तसंच वाटलं होतं. पण ज्या बसथांब्यावर आधी पाचशे माणसं चालत येत, तिथं आता दोनशेच येऊ लागली. बस रिकामी धावायला लागली, म्हणून दर दहा मिनिटांची बस अर्ध्या तासानं सोडली. अर्धा तास कोण उभं राहणार? ज्यांना जमलं त्यांनी गाड्या घेतल्या. मग बसला आणखी कमी माणसं, म्हणून ती तासानं, आणि शेवटी बंद. वाण्याचं दुकान, शाळा, दवाखाना, सगळ्याची हीच गत. चालण्याच्या टप्प्यात पुरेशी माणसं नसली की दुकान टिकत नाही, आणि दुकान नसलं की चालायला कारण उरत नाही. याला आबांच्या शास्त्रात प्रत्याभरण म्हणतात (परिणामच उलटून पुन्हा कारण होतो आणि चक्र फिरत राहतं).

मग सगळ्यांच्या गाड्या झाल्या, की रस्ते तुंबतात. तुंबले की रुंद करतात. ऊर्मीला हे ठीक वाटलं. रुंद केले की लवकर पोचता येईल, वेळ वाचेल. आबा हसले, पण ते हसू काही गोड नव्हतं.

"माणूस वेळ वाचवत नाही गं, ऊर्मी. रोज तासभर प्रवास सोसायची त्याची तयारी असते. रस्ता वेगवान झाला, की तो तेवढ्याच तासात आणखी लांब राहायला जातो. लांबची जमीन स्वस्त असते, हवा चांगली असते, खिडकीतून शेत दिसतं. तुझ्या रोहनकाकानं टप्पा नऊमध्ये घर घेतलं तेव्हा जाहिरात होती, 'शहरातलं शेवटचं घर, पुढे फक्त हिरवळ.' दोन वर्षांत हिरवळीवर टप्पा दहा उभा राहिला. त्याचीही जाहिरात तीच. आता तो चौदात आहे. प्रत्येकाला शेवटचं घर हवं असतं. सगळेच शेवटचे व्हायला निघाले, की शहर असं पसरतं. आणि गाड्या विनाचालक झाल्यावर तर कोणाला काहीच वाटेनासं झालं, माणसं झोपून प्रवास करायला लागली."

ऊर्मीनं करपलेली कड बाजूला काढली आणि विचारलं, की हे सगळं माहीत असताना कोणी अडवलं का नाही. आणि तो नियम सतरा कुठल्या गाढवानं लिहिला.

आबांनी गॅस बंद केला. "मी लिहिला," ते म्हणाले.

हे ऐकून ऊर्मीनं हातातला घास ताटात ठेवला. आबांनी काही लपवलं नाही. ते नोकरीला लागले तेव्हा पुढारी स्वतःच्या सासुरवाडीला पूल बांधून घेत. एका पुलावरून वर्षभर फक्त शेळ्या गेल्या होत्या. त्या उधळपट्टीला चाप लावायला तरुण जालिंदर बनकरनं नियम केला, आधी मोजा, मगच बांधा. टाळ्या पडल्या, बढती मिळाली. पुढे हिवरमाळचा रस्ता मंजूर झाला तेव्हाही गावानं त्यांचा सत्कार केला होता, कारण रस्ता हवा हा ठराव ग्रामसभेचाच होता. फटाके वाजले, घरटी पाव किलो पेढे वाटले गेले. फक्त एक गोष्ट आबांच्या ध्यानात आली नाही. मोजणारा फक्त दिसतं तेच मोजतो. जी माणसं जाऊच शकत नाहीत ती दिसत नाहीत. त्या न दिसणाऱ्या गरजेला सुप्त मागणी म्हणतात (सोय नसल्यामुळे दडून राहिलेली गरज). पुरात पोहून नदी पार करणारे मोजायचे आणि ठरवायचं, की इथं नावेची गरज नाही. आबांचा नियम हेच करत होता, आणि त्यानं गावोगाव हेच केलं होतं. ऊर्मीला त्यांचा राग आला आणि कीवही आली. काय आधी आली ते तिला सांगता येईना.

पण अजून बुधवार हातात होता. गावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून नऊशे माणसं उरली होती. त्यातली तीनशे जरी एकदा नाक दाबून मोरीतून गेली, तरी काम होणार होतं. ऊर्मीनं संध्याकाळी घरोघरी जाऊन हात जोडून सांगितलं, की उद्या पुलासाठी मोजणी आहे, मोरीतून चालत जायचं. सगळे हो म्हणाले. अमोलनाना म्हणाले, "तू घरी जा बाळ, अक्का आमचीपण आजी आहे. सगळा गाव उभा करतो." अमोलनाना म्हणजे गावचे शेवटचे सरपंच. गाव शहरात गेलं, पद गेलं, पण लोक त्यांचं ऐकत.

बुधवारी सहाला ऊर्मी मोरीशी हजर झाली. कामवाल्या बाया गेल्या, माळी गेले. मान्याच्या गळ्यातला आकडा एकोणतीस झाला आणि तिथंच रेंगाळला. आठ वाजले, नऊ वाजले. ऊर्मी स्वतःच मोरीतून पलीकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. चौदा खेपा केल्या. मान्याला चेहरे ओळखू येत असल्यामुळे त्यानं तिला एकदाच मोजलं.

दहाच्या सुमाराला वर रस्त्यावर हॉर्न ऐकू यायला लागले. ऊर्मी चढ चढून वर आली आणि बघतच राहिली. गाव आलं होतं. सगळं गाव आलं होतं, आणि गाडीत बसून आलं होतं.

गाड्या धुतलेल्या, काचांना झेंडूचे हार. बाया जरीच्या साड्यांत, पुरुष इस्त्रीच्या सदऱ्यांत. वरच्या आळीची माणसं अकरा किलोमीटरचा वळसा घालून खालच्या आळीकडे चालली होती आणि खालच्या आळीची वरच्या आळीकडे, म्हणजे मोजणीत कमी पडायला नको. अमोलनाना पहिल्या गाडीच्या खिडकीतून हात हलवत होते.

ऊर्मी काचेच्या भिंतीवर मुठी आपटून ओरडली, की चालत यायचं होतं. अमोलनानांनी गाडी कडेला घेतली आणि तिला समजावणीच्या सुरात सांगितलं, की पोरी, तुला अनुभव नाही. मागच्या मोजणीला, रस्त्याच्या वेळी, जे गाडीतून आले त्यांना साहेबांनी मांडवात खुर्च्या दिल्या. जे चालत आले ते दिवसभर उन्हात उभे राहिले आणि त्यांचं कोणी ऐकलंच नाही. गटारीतून वाकून येणाऱ्या गावाला कोण पूल देईल? सरकार माणसाचा वकूब बघतं. ते खरंच तसं मानत होते. गावाला मागच्या मोजणीनं जो धडा शिकवला होता, तोच त्यांनी आज मनापासून गिरवला होता.

ऊर्मीनं त्यांना उतरायला विनवलं. काही जण उतरायला तयारही झाले, पण तोवर गाड्यांची अशी कोंडी झाली की दार उघडायला जागा राहिली नाही. विनाचालक गाड्यांना पुढे कोणी का थांबलंय ते कळेना, म्हणून त्याही थांबल्या. तीन किलोमीटर रांग लागली. संध्याकाळी पाचला ती सुटली, तेव्हा लोक दमून घरी गेले. मोजणी चांगली झाली, असं एकमेकांना सांगत गेले.

सहा वाजता मान्यानं निकाल वाचला. पादचारी, सदतीस. नियम सतरानुसार पूल नामंजूर. परंतु यंत्रानं दुसऱ्या डोळ्यानं रस्ताही मोजला होता. नेहमीपेक्षा चारशे बारा वाहनं जास्त, तीव्र कोंडी. शिफारस, दोन्ही बाजूंनी एकेक पदर वाढवावा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तो असा. वाढीव पदर कुठून जाईल याचा नकाशाही मान्यानं दाखवला. अक्काआजीची सहाही पेरूची झाडं त्यात होती.

ऊर्मी तिथंच चिखलात बसली आणि रडली. मान्या जवळ उभा राहिला. त्यानं हवामान सांगितलं, कारण रडणाऱ्या नागरिकाला काय सांगायचं ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

रविवारी रोहनकाका आईला न्यायला आला. आबांनी सकाळीच गाडी बोलावली होती, पण वाढीव पदरांची आखणी सुरू झाल्यामुळे वळणाचा पूल बंद ठेवला होता आणि गाडी सव्वा तास लागेल म्हणत होती. रोहनकाकाला तेवढा वेळ नव्हता. त्याच्याही वाटेवर कोंडी वाढत चालली होती. तेव्हा आबांनी काठी घेतली, धोतर गुडघ्याच्या वर खोचलं आणि ऊर्मीला म्हणाले, चल.

चौऱ्याहत्तर वर्षांचा, गुडघे गेलेला माणूस चार फूट उंचीच्या मोरीतून जाताना ऊर्मीनं पाहिला. कमरेतून वाकूनही भागेना, तेव्हा ते गुडघ्यांवर आले. आयुष्यभर त्यांनी मोरीचा आकार कागदावर पाहिला होता. मधोमध थांबून त्यांनी धाप टाकली आणि म्हणाले, "हे आधी एकदा करायला हवं होतं मी." ऊर्मीनं त्यांच्या हातातली काठी घेतली आणि पुढे सरकली.

अक्काआजी गाडीत बसलेली होती, पाय समोरच्या बाकावर लांब केलेला. भावाचा अवतार बघून ती आधी हसली. मग पदरानं त्याचं तोंड पुसलं, लहानपणी पुसलं असेल तसं, जोरात. ऊर्मीला जवळ घेऊन ती म्हणाली, "तिथनं मला काय दिसंल गं? ढग. ढगास्नी कुठं नावं असत्यात?" मग दार आपोआप लागलं, गाडीनं पट्टा बांधण्याची सूचना केली आणि ती एकतीस किलोमीटर लांब निघून गेली. लोक म्हणतात शहर माणसांना जवळ आणतं. हिवरमाळात तरी त्यानं दोनशे मीटरवरच्या बहिणीला एकतीस किलोमीटरवर नेऊन ठेवलं, आणि या सगळ्यात कोणीही दुष्ट नव्हतं. हीच गोष्ट ऊर्मीला जास्त लागली. दुष्ट माणूस असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

मोजणीवर हरकत घ्यायला तीस दिवसांची मुदत असते. सोमवारी शाळा सुटल्यावर ऊर्मीनं वही घेतली आणि वरच्या आळीच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. ती किती गाड्या, किती फेऱ्या असं काही विचारत नव्हती. तिचा प्रश्न एकच होता. रस्ता ओलांडता आला असता, तर तुम्ही या महिन्यात कुठे गेला असता? लोक आधी हसत, मग जरा थांबत, आणि मग बोलायला लागले की थांबत नसत. एका बाईला पलीकडच्या जावेकडे बाळंतविडा द्यायचा राहिला होता, आता ते बाळ चालायला लागलं होतं. एका म्हाताऱ्याला नुसतं त्याच्या जुन्या पारावर बसायचं होतं. सोमनाथ नावाच्या मुलाला क्रिकेटला अकरावा गडी मिळत नव्हता आणि पलीकडे तिघं जण चौथा मिळत नाही म्हणून घरात बसून होते. मोरीतून जाऊन तिनं खालच्या आळीतली उरलेली दोन घरंही विचारली. आईनं बंदी उठवली नव्हती, पण त्या दिवसांत तिनं ऊर्मीच्या चिखलाच्या चपला काही न बोलता धुऊन ठेवल्या. एकोणतिसाव्या दिवशी वहीत पाचशे अठ्ठेचाळीस नावं झाली. शेवटच्या पानावर अमोलनानांनी स्वतः येऊन सही केली. सही करताना त्यांनी ऊर्मीकडे पाहिलं नाही.

तिसाव्या दिवशी मान्या हरकती घ्यायला शाळेच्या मैदानात आला. आबा आणि ऊर्मी सगळ्यांत आधी उभे राहिले. मान्यानं हरकत कशाला ते विचारलं. आबा म्हणाले, नियम सतराला. मान्यानं नियमकर्त्याशी आपला संबंध काय ते विचारलं, कारण तो प्रश्न अर्जात होता.

"तो मीच," आबा म्हणाले. "माझा नियम चुकीचा आहे. नोंद घे."

मान्यानं नोंद घेतली. नियम लिहिणाऱ्यानंच हरकत घेतली तर ती वरच्या समितीपुढे आपोआप जाते आणि समितीचा निकाल लागेपर्यंत सव्वीस गावांतल्या मोजण्या थांबतात, असं त्यानं सांगितलं. ही तरतूदही आबांनीच तरुणपणी घातली होती आणि साफ विसरले होते. समिती काय ठरवेल ते कोणालाच माहीत नव्हतं. पदर वाढवायचं काम मात्र त्या दिवसापुरतं थांबलं.

मग ऊर्मीनं वही पुढे केली. मान्यानं मान वाकवून पानं वाचली. त्याच्याकडे पादचाऱ्यांचा रकाना होता, दुचाकींचा होता, चारचाकींचा होता, जनावरांचासुद्धा होता.

"ही माणसं कोणत्या रकान्यात लिहू?" त्यानं विचारलं.

"नवीन रकाना आख," ऊर्मी म्हणाली.

मान्याच्या पडद्यावर एक उभी रेघ आली आणि त्यानं मथळा विचारला. ऊर्मीनं सांगितला, 'येऊ न शकलेली माणसं.' पहिलं नाव कोणाचं लिहू, असं त्यानं विचारलं. ऊर्मीनं आबांकडे पाहिलं. आबा जन्मभर तिला अक्काच म्हणत आले होते, त्यामुळे पूर्ण नाव ओठांवर यायला त्यांना थोडा वेळ लागला.

"सुवर्णा मारुती गिरमे," ते म्हणाले, आणि मान्यानं ते लिहून घेतलं.